आटोपशीर भाग

यदुनाथ हळब्यांनी 'शनिदुर्ग' या कादंबरीमालेचा नवा भाग दुपारच्या चहाआधीच वाचून संपवला. वर्षानुवर्षं लांबलेलं राणीचं लग्न पहिल्याच प्रकरणात लागलं होतं. युद्ध मिटलं होतं, हरवलेला भाऊ घरी आला होता. पुस्तक फार सुरेख उतरलं होतं. त्यांनी मात्र शेवटचं पान पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

ही माला यंत्र लिहीत असे, प्रत्येक वाचकासाठी वेगळी. कुणाचीही गोष्ट अर्धी राहणार नाही, असा प्रकाशकांचा शब्द होता. मनगटावरच्या पट्टीतून यंत्राला वाचकाची तब्येत कळे. ज्याला आयुष्य असे, त्याच्या गोष्टीत ते पाणी घालत राही. ज्याचे थोडेच दिवस उरत, त्याची गोष्ट ते आवरती घेई. हे यदुनाथांनी करारातल्या बारीक अक्षरांत वाचलं होतं; बायकोनं नव्हतं.

"झालं का हो वाचून?" समोरच्या खुर्चीतून कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं. "माझ्या भागात मेले अजून हळदच दळतायत! तुमच्या राणीचं लागलं का लग्न?"

यदुनाथांना काहीच वाटेना. भीतीसुद्धा नाही.

"छे! आमच्यात अजून मुहूर्तावरूनच भांडणं चाललीयत."

"बघा! बंदच करू या हे वाचणं. नुसता वेळ फुकट."

"नको," ते घाईनं म्हणाले. "तुझ्यातलं ते हळदीचं वाच ना मोठ्यानं."

"इश्श! पाल्हाळाचा तुम्हालाच तर राग यायचा."

"वाच गं. आणि काही गाळू नकोस."