बस्ता

जालन्यातल्या एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात आता साड्यांचं दुकान आहे. गादीमागच्या भिंतीवर द्रौपदीच्या वस्त्रहरणाचं रंगीत चित्र अजून शाबूत आहे. साड्या ओढून ओढून दमलेला दुःशासन त्यात ढिगाशेजारी कपाळाला हात लावून बसलाय.

राजूरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया सकाळपासून दुकानात कामाला असलेल्या धर्मराजला साड्या उलगडायला लावत होत्या. "अजून दाखवा ना भाऊ, जरा येगळं!"

दिवे लागले तशी नवरीची आई उठली. "उद्या नवरीलाच घिऊन येतो, मंग ठरवू."

धर्मराज ढिगाशेजारी मटकन बसला. कपाळाला हात लावून भिंतीवरच्या दुःशासनाकडं बघत राहिला.

 

"तुला घड्या तर न्हाई घालाव्या लागल्या, बाबा!"