जिभेला चिकटलेला खडा

“नकाशानुसार त्या घाटात सलग काळा पाषाण आहे,” तोंडी परीक्षा घेणारं यंत्र म्हणालं. “प्रबंधातला लाल मातीचा थर वगळा, पदवी लगेच मिळेल.”

उपग्रहांनी सगळी पृथ्वी मोजून टाकल्यापासून भूशास्त्राचे विद्यार्थी डोंगरात जातच नसत. हेमांगी गुंजाळ मात्र हातोडी घेऊन तीन महिने तो घाट पालथा घालून आली होती. तिथूनच नवा बोगदा जाणार होता.

तिने पिशवीतून लाल खडा काढला आणि सरळ जिभेला लावला. तो तिथेच चिकटून राहिला. शेजारी बसलेले तिचे मार्गदर्शक तांबोळी सर चमकले. त्यांच्या तरुणपणी सगळेच असे दगड चाटून पाहत.

“काळा पाषाण असा चिकटत नाही,” खडा सोडवून ती म्हणाली. “ही माती आहे. पाण्याने फुगली की बोगदा खचेल.”

“जिभेची नोंद ग्राह्य नाही. थर वगळता का?”

“नाही वगळत. खुशाल नापास करा.”

यंत्राने नापासाचा शेरा सरांपुढे सरकवला. त्यावर त्यांची सही हवी होती. सरांनी पेन बाजूला सारलं.

“आण तो खडा इकडे,” ते म्हणाले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली.