शाखेचं आजारपण

"यंदा वार्षिक सभा घ्यायची नाही," धाकटी म्हणाली, आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" कॉलेजच्या ग्रंथपालांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. देशभरच्या ग्रंथालय संघाच्या या विभागीय शाखेची ती कार्यवाह झाल्यापासून सभा कधी एक दिवसही पुढे गेली नव्हती. इथल्या कार्यशाळांना खुर्च्या कमी पडत. एका ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्यातून आठवडा संपायच्या आत हातात येई. दरवर्षी मुख्यालयाकडून आदर्श शाखेचं प्रशस्तिपत्र येई, आणि ते लावायला आता भिंत पुरत नव्हती.

"मला काही झालेलं नाही," धाकटी म्हणाली. "शाखेला होऊ दे जरा."

संघाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. धडधाकट शाखेला कागद, आजारी शाखेला माणूस. कुठे सभा चुकली, सभासदांत जुंपली, कार्यवाह काम टाकून गेला, की मुख्यालयातून शाखाधिकारी बाई येत. चार-आठ दिवस मुक्काम ठोकत, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एका टेबलाशी बसवत आणि शाखा उभी करूनच निघत. रुसलेल्यांची समजूत काढावी तर त्यांनीच.

या शाखाधिकारी बाई म्हणजे धाकटीची सख्खी ताई. आणि दोघींमध्ये अबोला होता.

आई गेल्यावर गावातल्या पिवळ्या घरात धाकटी एकटीच राहिली, आणि तिने आईचं शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं. "विचारायचं तरी," ताई म्हणाली. "विचारायला तू इथे होतीस कुठे?" धाकटी म्हणाली. भांडण एवढंच, दोन वाक्यांचं. पण घरातली बाकी कुठलीही वस्तू दोघींनी इतकी जपली नसेल. घरी भेटायचं तर कुणीतरी आधी पाऊल उचलायला हवं, आणि या बाबतीत दोघी अगदी एकाच आईच्या. कामासाठी आलं तर मात्र कुणाचंच नाक खाली होत नाही. संघाच्या अधिवेशनालाही धाकटी जात नसे. गेलो तर आपण आधी गेलो असं होईल! ती ग्रंथपालांना पाठवी, आणि ते परत आले की कपाट पुसता पुसता विचारी, "काय म्हणतात मुख्यालयाची माणसं?"

"शाखाधिकारी बाई इकडचं विचारत होत्या."

"काय?"

"सभासद वाढले का म्हणून."

"अजून काही?"

"अजून काय विचारणार हो?"

प्रशस्तिपत्राबरोबर पत्र येई. 'माननीय कार्यवाह, आपले कार्य अभिनंदनीय आहे.' खाली ताईची सही. अभिनंदन बाजूला ठेवून धाकटी ती सहीच बघत बसे. अलीकडे सहीचं शेवटचं अक्षर जरा थरथरायला लागलं होतं.

म्हणून सभा झाली नाही. महिन्याभरात मुख्यालयाचा निरोप आला. शाखेची प्रकृती पाहायला अधिकारी येत आहेत.

मग मात्र धाकटीची तारांबळ उडाली. तिने भिंतीवरची प्रशस्तिपत्रं उतरवली. मागे उजळ चौकोन निघाले. तेही चुगली करतील म्हणून त्यांच्यापुढे कपाट सरकवलं. शाखेचा कारभार ढासळलेला दिसावा म्हणून पुस्तकांची एक फळी विस्कटली. पाच मिनिटांत तिची तिलाच राहवेना. पुन्हा लावून टाकली.

"आजाऱ्याचं सोंग तुम्हाला जमायचं नाही," बालविभागाच्या बाई म्हणाल्या. त्यांच्यापासून काही लपलेलं नव्हतं. "आणि हे बघा, ताई आल्या की आधी कामाचं बोला. शिवणयंत्राचं नंतर."

"मला काहीच बोलायचं नाहीये," धाकटी म्हणाली. "मला नुसतं तिला त्या दारातून आत आलेलं बघायचंय."

सकाळी दार उघडलं आणि एक गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ आत आले. बॅग टेबलावर ठेवून त्यांनी डॉक्टरांच्या थाटात विचारलं, "मी नवा सहायक शाखाधिकारी. बोला, काय होतंय शाखेला?"

धाकटी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. मागून कुणी आलं नाही.

"बाई नाही आल्या?"

"त्या आता आजारी शाखा बघत नाहीत. ते दुखणं माझ्या गळ्यात." ते खुर्चीत टेकले आणि चष्मा पुसू लागले. "फार भांडल्या हो मुख्यालयात. दर बैठकीत एकच विषय. जी शाखा नीट चालते तिच्याकडे आपण कधी फिरकत नाही, तिने काय नुसते कागद मोजत बसायचं? कित्येक वर्षं कुणी दाद दिली नाही. शेवटी यंदा ठराव करूनच घेतला. यापुढे त्या फक्त धडधाकट शाखांच्या भेटीला जाणार."

धाकटीने खुर्चीची पाठ धरली. "पहिली कुठली?"

"ही काय, हीच. गाडीचं आरक्षणसुद्धा झालं होतं. तेवढ्यात तुमची सभा झाली नसल्याचं कळलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग त्यांनी आपली जागा मला दिली. खिडकीची. म्हणाल्या, गाव आलं की डावीकडे बघा, पाण्याच्या टाकीमागे एक पिवळं घर दिसेल. गच्चीवर कपडे वाळत असले, तर मला एवढंच कळवा."