दमानं सुरू होणारं मशीन

"शिरा पडो तुझ्या तोंडार! ह्या मशीन आसा, की खाटेवरचो पेशंट?"

पद्मावतीचा आवाज पडवीतून थेट रस्त्यावर गेला. नितेशने नुकतंच लाकूड कोरायच्या नव्या राऊटरचं बटण दाबलं होतं आणि मशीन एकदम ओरडलं नव्हतं. आधी बारीक गुणगुणलं, मग चढत गेलं, आणि तेव्हा कुठे पूर्ण वेगाला लागलं. जुन्याची रीत वेगळी. बटण दाबलं की ते हातात उसळी मारायचं, आडवं व्हायला बघायचं, आणि घरातला बल्ब क्षणभर मंद व्हायचा.

"आये, ह्येका सॉफ्ट स्टार्ट म्हणतत," नितेश म्हणाला. "झटको देणा नाय. ताकद तितकीच, फक्त दमान चढता."

"माका इंग्लिश शिकव नको. ह्या चढासर माझी पेज शिजात."

गुरुदास मेस्त्री पडवीतल्या बाकावर पाठ फिरवून बसले होते. गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनियाने घरोघरी माणसं आडवी केली. बाकीचे उठून कामाला लागले. गुरुदासही उठले, पण दुखणं मनगटात बसून राहिलं. गणपती झाल्यावर गावातल्या बाबूच्या घराचं दार करायला घेतलं. फणसाचं जाड लाकूड, कडेने कोरीव वेल. राऊटर लाकडावर टेकवून बटण दाबलं, मशीनने उसळी मारली, मनगटाला ती आवरली नाही. ऐन वेलीतून वाकडा चर गेला. बाबूने ते दार तसंच नेऊन बसवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मेस्त्रींनी शाळेत, म्हणजे घरालगतच्या सुतारशाळेत, पाऊल टाकलं नव्हतं. दाढी वाढली होती. कुणी कामाचं विचारलं की म्हणायचे, "झिलाक विचार." झील म्हणजे नितेश. तो चौकटी जोडायचा, पण वेल काढायचा हात बापाचाच होता. तो हात बाकावर पडून होता.

नितेशने मशीन उचलून शाळेत नेलं. पद्मावती मागोमाग गेली, आणि दारातच उभी राहिली, म्हणजे पडवीतही ऐकू जावं आणि रस्त्यावरही.

मासळीची पाटी घेऊन चाललेली काशीबाई थांबली. "काय झाला गो?"

"बघ ना! झिलान म्हातारां मशीन हाडल्यान. गोव्यासून हाडल्यान, मिरवत हाडल्यान! अगो, हातात उसळी मारी नाय ता मशीन कसला? उसळी आवरता तो मेस्त्री. ह्या तर काय, पोरांका खेळाक देवचा."

नितेशचे कान लाल झाले. काशीबाईने हळूच बाकाकडे पाहिलं. घरात दुखणाईत माणूस असताना ही बाई काय बोलते आहे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ती पाटी सावरून चालती झाली.

"परत करून ये," पद्मावतीने फर्मान काढलं. "आत्ताच्या आत्ता. माझ्या घरात असला मड्यां नको."

"गप बस गो!"

गुरुदास उभे राहिले होते. कित्येक दिवसांत तो आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

"तुका मशिनातला काय समाजता? घोव मेस्त्री म्हणान तू मेस्त्रीण झालंस?"

"समाजता म्हणानच सांगतंय! परत जावक व्हया!"

"जावचा नाय!"

"मी नको म्हटला काय तुमी ताच करतलास. जल्मभर ताच केलास!"

"करतलंय! बघतंय माका कोण अडवता ता!"

पायात चप्पल न घालता ते तरातरा शाळेत शिरले. नितेशच्या हातातून मशीन ओढून घेतलं. फणसाच्या फळीवर टेकवलं, दात आवळले, कोपर अंगाशी घट्ट दाबलं, आणि बटण दाबलं.

उसळी आली नाही.

मेस्त्रींचं अंग तसंच ताठ राहिलं, येणाऱ्या धक्क्याची वाट बघत. मशीन गुणगुणलं, चढलं, स्थिरावलं. कोपर हळूहळू सैल झालं. आवाज एकसारखा लागेपर्यंत त्यांनी दम धरला आणि मग पातं लाकडात उतरवलं. पिवळा भुसा उडाला. रेष गेली ती सुतासारखी, वळणावर वळली, पुन्हा सरळ झाली.

"बघतंस काय?" ते दाराकडे न बघताच ओरडले. "पोरांचो खेळ म्हणत होतंस ना? हात मेस्त्रीचो आसा हो!"

"करा काय ता! कान किटले माझे!" पद्मावती फणकाऱ्याने वळली आणि विहिरीकडे गेली.

नितेश तिच्यामागे धावला. त्याचाही संयम संपला होता.

"आये, ह्या काय चलला तुझा? झटको न देणारां मशीन हाड, म्हणान तूच माझ्या मागे लागलंस. वजनान हलका म्हणान पहिला एक हाडलंय, ता तू परत पाठवलंस, झटको देता म्हणान! आणि आता चार माणसांत माकाच..."

पद्मावतीने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"हळू बोल, मेल्या. मनगटासाठी हाडला म्हणान त्येंका कळला, तर परत हात लावचे नाय."

आत मशीन थांबलं होतं. पद्मावतीने लगेच शाळेकडे तोंड केलं आणि घसा खरवडून ओरडली,

"दमलास ना? सांगत होतंय मी, ठेवा ता मड्यां खाली!"

आत मशीन पुन्हा गुणगुणलं, आणि चढू लागलं.