पान दोनशे चौदाची तळटीप

"त्या सालचं असं नाणं नाहीच आहे," म्हातारे लेखक म्हणाले आणि पाकीट न उघडताच त्यांनी ते टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

नाण्यांच्या भावांचं पुस्तक त्यांचं. अकरा आवृत्त्या झालेल्या. जुन्या नाण्यांचा कुठलाही दुकानदार ते चाळल्याशिवाय तोंड उघडत नसे. पुस्तकात असेल तो भाव, आणि पुस्तकात नसेल ते नाणंच नव्हे. इतका दरारा भल्याभल्या लेखकांच्या वाट्याला येत नाही.

समोर बसलेली बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, नखांत अजून पांढरी पूड होती. तिने पाकिटाला हातही लावला नाही.

"सर, पान दोनशे चौदा. खालची टीप वाचता?"

त्यांना ती पाठच होती. 'या साली हे नाणे पाडले गेले नाही. आढळल्यास शेवटचा आकडा खरवडून बदललेला समजावा.'

"हे कशावरून लिहिलंत?"

"नाण्यांची प्रतवारी ठरवणारी संस्था आहे ना, तिच्यावरून. तिथले तपासनीस अशी नाणी नापास करतात. मी मनाचं काही लिहीत नाही, बाई."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे ठेवला. त्याच संस्थेचा अहवाल. नाणे नापास, तारीख बदललेली. आणि तळाशी बारीक अक्षरांत, आधार : भावांचे पुस्तक, पान दोनशे चौदा.

लेखकांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा वाचला.

"तुम्ही त्यांच्यावर विसंबलात, ते तुमच्यावर," बाई म्हणाली. "नाणं पाहिलं कोणी?"

त्यांनी अहवाल उलटून मागची बाजू पाहिली.

"माझ्या बाबांना हे पहिल्या पगारात मिळालं. कोरं करकरीत. त्यांनी ते खर्चलंच नाही. मोठ्या हौसेने संग्राहकांच्या मंडळात दाखवायला नेलं, तर तिथे तुमचं पान उघडून चारचौघांत त्यांना लबाड ठरवलं. नाव काढून टाकलं मंडळातून. आता त्यांचे डोळे गेलेत. रोज एकच विचारतात, कोणी बघितलं का गं? मला भाव नकोय, सर. विकायचंच नाही. मी दिवसभर काचा घासते, घासलेलं मला कळतं. यावर घासल्याची खूण नाही. पण माझं कोण ऐकतंय?"

पुस्तकातले भाव कसे ठरतात हे लेखकांइतकं कोणाला ठाऊक असणार? चार दुकानदारांना फोन करायचा आणि त्यातल्या त्यात कमी थापा मारणाऱ्याचा आकडा धरायचा. प्रतवारीचीही तीच गत. एकच नाणं जेवणाआधी मध्यम आणि जेवणानंतर उत्तम ठरलेलं त्यांनी पाहिलं होतं. भाषणांत हे सांगून ते लोकांना पोट धरून हसवत. तळटिपांची थट्टा मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

त्यांनी पाकीट उघडलं. नाणं कडेने धरून ते खिडकीपाशी गेले आणि डोळ्याला भिंग लावलं.

कोरं नाणं तिरकं धरून फिरवलं की त्यावर उजेडाचा एक पट्टा गोल फिरतो. आकडा कोणी खरवडला असेल तर तो तिथे हमखास तुटतो. त्यांनी नाणं हळूच कलतं केलं. पट्टा निघाला, कडेकडेने सरकत तारखेपाशी आला, शेवटच्या आकड्यावर चढला आणि पलीकडे उतरून तसाच पुढे गेला. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग तिसऱ्यांदा.

आयुष्यभरात हजारो नाणी या बोटांखालून गेली होती, हे मात्र कधी आलं नव्हतं. ते 'नाही, नाही' म्हणून छापत होते, तेव्हाही हे होतं. अकराच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि हे कुणाच्या तरी कपाटात शांतपणे होतंच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी आत हाक मारली.

"मला नाही बघायची तुमची नाणी," आतून बायकोचं चाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर आलं. पण आवाजात काहीतरी वेगळं ऐकू आलं असावं. हात पुसत ती बाहेर आली. त्यांनी तिच्या हातात भिंग दिलं.

"आकड्यापाशी बघ. उजेड बघ फक्त."

ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"थांबतच नाही हो कुठे तो," ती हळू आवाजात म्हणाली.

लेखक टेबलाकडे परतले. स्वतःची प्रत उघडून त्यांनी पान दोनशे चौदावरची टीप खोडली. वर नाण्याचं साल लिहिलं. पेन प्रतवारीच्या रकान्यावर थबकलं, मग भावाच्या रकान्यावर थबकलं.

"बाबांना काय सांगू?" बाईने विचारलं.

त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली आणि पान पुस्तकातून सरळ फाडून तिला दिलं.

"वाचून दाखवा त्यांना. मंडळाला मी स्वतः जाऊन सांगतो."

बाईने पान हातात घेतलं. प्रतवारीचा रकाना रिकामा होता, भावाचाही. दोन्हींवरून आडवा, मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता : पाहिले.