जोडीतलं उजवं चित्र

दरीचं चित्र पडद्यावर आलं आणि वहिनींनी पडद्याऐवजी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

सभागृहात दोघंच होती. उद्याच्या खेळाची ही रंगीत तालीम. खिडक्यांवर काळे पडदे ओढलेले, मागे टेबलावर दोन प्रोजेक्टर घरघरत होते. एक डाव्या डोळ्याच्या चित्रासाठी, एक उजव्या. कागदी चष्मा चढवला की दोन्ही चित्रं एक होत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेल्या चंदेरी पडद्यात खरीखुरी दरी उघडे. लोक घाबरून खुर्चीचे हात धरत. चित्रं काढायची नवऱ्यानं, ती काचेच्या चौकटीत बसवून जोड्या लावायच्या बायकोनं. लग्न आणि हे काम बरोबरच सुरू झालं होतं, आणि तेव्हापासून सगळे त्यांना दादा आणि वहिनीच म्हणत.

दादांचा तो रुंद चित्रांचा कॅमेरा एकच. आधी डावं चित्र काढायचं, मग जरा बाजूला सरकून उजवं. तेवढ्यात काही हललं तर ते एकाच डोळ्याला दिसतं आणि पडद्यावर भुतासारखं लुकलुकतं. अशी जोडी दादा सरळ कचऱ्यात टाकत. एका पक्ष्यापायी त्यांनी अख्खा समुद्रकिनारा फेकून दिला होता, आणि वर दिवसभर तोंड फुगवून बसले होते.

दरीच्या चित्रात पक्षी नव्हता. बाई होती. डाव्या चित्रात नुसता कडा, आणि उजव्यात त्याच कड्याच्या टोकाला ही उभी. लालभडक शाल पांघरलेली, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. खिदळत असणार, दुसरं काय! याच दरीची चांगली जोडी हाताशी असताना वहिनींनी मुद्दाम ही लावली होती.

शाल तर त्यांच्या ओळखीचीच. दरीची चित्रं काढायच्या दौऱ्याआधी दादांच्या पिशवीत घडी घातलेली दिसली होती. आपल्यालाच असणार म्हणून बिचाऱ्या काही न बघितल्याचं सोंग करत राहिल्या. शाल काही हातात पडली नाही. दिसली ती ही अशी, दुसरीच्या खांद्यावर.

पाणी कुठेतरी मुरतंय, हे त्यांच्या कधीच लक्षात आलं होतं. पूर्वी एकेक जोडी भिंगातून तपासल्याशिवाय दादांना घास गोड लागत नसे. आता म्हणे, "तू लावलीस ना? मग झालं!" उजवीकडून हाक मारली की चोरी पकडल्यासारखे दचकत. पाणी ओतायला घेतलं की अर्धं पेल्याबाहेर. "लक्ष कुठे असतं हो हल्ली?" असं विचारलं की साळसूदपणे हसत. आणि दारात गाडी असताना दौऱ्यावर बसनं जायचं खूळ! शेजारी कोण बसतं, ते कोण बघायला गेलंय? एवढ्या वर्षांचा संसार एका शालीपायी मोडायचा, की डोळ्यांवर कातडं ओढून जोड्या लावत बसायचं? आज मात्र सोक्षमोक्ष लावायचा होता.

पडद्यावर शाल निखाऱ्यासारखी लुकलुकत होती. दादा मधल्या खुर्चीत चष्मा लावून आरामात रेलले होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कशी वाटतेय?" वहिनींनी विचारलं.

"वा! एकदम स्वच्छ."

"आणि ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई धडधडीत समोर उभी आहे, आणि हा माणूस विचारतो कुठली! इतका निर्ढावला? रडायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, पण डोळे कुठले ऐकायला. त्यांनी चष्म्याखाली बोट घालून उजवा डोळा पुसला.

बाई नाहीशी झाली. नुसता कडा उरला, एकदम स्वच्छ.

बोट काढलं, बाई आली. उजवा डोळा मिटला, गेली. मग वहिनी पावलं न वाजवता दादांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर हात धरला. दादा खुशाल पडद्याकडे बघत राहिले.

"हा डोळा कधीपासून गेलाय?"

दादा दचकले. चष्मा काढून हातात चुरगाळत बसले. "वर्ष होईल," शेवटी म्हणाले. "परत यायचा नाही म्हणतात डॉक्टर. तुला सांगितलं असतं तर कॅमेरा कुलपात घातला असतास."

"घातलाच असता. आणि ही कोण?"

"तिथं वाट दाखवायला येते. अगं, एका डोळ्यानं अंतर कळत नाही. जमीन कुठे संपते तेच समजत नाही मला. म्हणून ती शाल पांघरून पुढे उभी राहते. लाल दिसलं की मी थांबायचं." दादा घुटमळले. "डावं चित्र काढताना ती बाजूला झाली होती. उजव्यासाठी सरकायला गेलो, तो कड्याकडे जरा जास्तच सरकलो. ती ओरडत आडवी आली. घाबरून माझ्याकडून बटण दाबलं गेलं."

वहिनींनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. ते पसरलेले हात, ते उघडं तोंड. बाईच्या टाचांमागे जमीन नव्हती.

"ती शाल तिलाच राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मला दुसरी आणा, याहून लाल. पुढच्या खेपेला कड्यावर मी उभी राहणार आहे."