बाहेर पडताना

देवपूरच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचा नवा प्रोग्राम मी लिहिलाय, सुरू करून आठवडाच झाला. मुलं तो उघडाच टाकून पळतात, म्हणून कॉम्प्युटर बंद करताना एक फंक्शन आपोआप चालतं आणि त्यांचं दिवसभराचं काम सेव्ह करतं. निदान चालायला हवं. गेला आठवडाभर रोज सकाळी सगळं कोरं. माझी विद्यार्थिनी नाजमीन तोच प्रोजेक्ट तिसऱ्यांदा टाइप करतेय आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत.

फंक्शन मी चार वेळा नव्याने लिहिलं. मी कॉम्प्युटर बंद केला की चालतं, सकाळी बघावं तर काही नाही. मुलांवर ओरडले, नको ते बोलले.

शेवटी काल संध्याकाळी लॅबमध्येच बसून राहिले. साडेपाचला शिपाई लीलाधरभाऊ आले. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि वीसही कॉम्प्युटर चालू असताना खाडकन मेन स्विच खाली ओढला.

"अहो भाऊ, काय केलंत हे? अशी एकदम वीज तोडली तर माझं फंक्शन चालणार कसं?"

"मी तर रोजच असं बंद करतो मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "तिथं लिहेल शे ना."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दारावर कागद चिकटवलेला होता.

"शेवटी बाहेर पडणाऱ्याने मेन स्विच न चुकता बंद करावा."

खाली जूनमधली तारीख होती, आणि माझी सही.